बारा अब्जांचा हार : १२३४५६५४३२१ या संख्येबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूरच्या पूर्व भागात मी संध्याकाळी सातवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवते. वर्गाच्या भिंतीवर, जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर, ही एकच संख्या मोठ्या अक्षरांत लिहून लावली आहे. मुलं विचारतात, फी द्यायला आलेले पालक विचारतात, शेजारच्या दुकानातले काकाही विचारून गेले. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची नीट लिहून काढली.

ही संख्या वाचायची कशी?

बारा अब्ज चौतीस कोटी छप्पन्न लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. अब्ज नको असेल तर एक हजार दोनशे चौतीस कोटी आणि पुढचं तसंच. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले की ती १२,३४,५६,५४,३२१ अशी दिसते आणि बारा, चौतीस, छप्पन्न या जोड्या आपोआप सुट्या होतात.

आमच्या वर्गात मात्र ती सुटे अंक म्हणत वाचली जाते. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा आणि पुन्हा खाली एकापर्यंत. सोलापूरच्या वर्गात मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारी मुलं शेजारी शेजारी बसतात. तेलुगू मुलं 'ओकटी, रेंडू, मूडू' म्हणत चढतात, कन्नड मुलं 'ओंदु, एरडु, मूरु' म्हणत. शिखरावर दोघं एकाच शब्दावर भेटतात, कारण सहाला दोन्ही भाषांत 'आरु' म्हणतात. उलटी वाचली तरी संख्या तीच राहते, त्यामुळे कोण कुठल्या बाजूने सुरुवात करतो याने काही बिघडत नाही.

एवढं काय आहे तिच्यात? अंक ओळीने लिहिले, झालं.

मीही आधी असंच समजत होते. पण हे अंक कुणी ओळीने मांडलेले नाहीत, ते गुणाकारातून आले आहेत. सहा एके घ्या, म्हणजे ११११११, आणि या संख्येला तिनेच गुणा. उत्तर १२३४५६५४३२१. म्हणजे ही संख्या पूर्ण वर्ग आहे.

माझे वडील यंत्रमागावर होते. घरात चादरीच्या डिझाइनचे जुने ग्राफ पडलेले असायचे. बारीक चौकोनांचा मोठा कागद, आणि त्यातला भरलेला प्रत्येक चौकोन म्हणजे मागावर तिथे उभा धागा वर उचलायचा. त्यावरूनच जॅकार्डच्या पत्त्यांना भोकं पाडतात. अशाच एका ग्राफच्या रिकाम्या कोपऱ्यात मी हा गुणाकार पहिल्यांदा मांडला होता. वरच्या ओळीत सहा चौकोनांत सहा एके. खालच्या ओळीत तेच सहा, एक घर डावीकडे सरकवून. तिच्याखाली आणखी एक घर डावीकडे. अशा सहा ओळी.

·····११११११
····११११११·
···११११११··
··११११११···
·११११११····
११११११·····
——————
१२३४५६५४३२१

आता उभे रकाने मोजा. उजव्या टोकाच्या रकान्यात एकच एक. त्याच्या डावीकडे दोन, मग तीन. मधल्या रकान्यात सहाच्या सहा ओळी हजर असतात. तिथून पुढे वरच्या ओळी एकेक करून संपत जातात आणि आकडा उतरायला लागतो. उत्तरातला प्रत्येक अंक म्हणजे त्या रकान्यात किती चौकोन भरलेत त्याची मोजणी आहे, दुसरं काही नाही. मी त्या ग्राफवर बोट ठेवून रकाने मोजत गेले आणि सहावर आल्यावर बोट तिथेच थांबलं होतं. पाठ केलेला गुणाकार त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांना दिसला.

आणखी एक गोष्ट याच चित्रातून कळते. कुठल्याही रकान्याची बेरीज नऊच्या पुढे जात नाही, म्हणून हातचा कधीच येत नाही. ही संख्या इतकी नीटस दिसते त्याचं सगळं कारण एवढंच आहे. पुढच्या बऱ्याच उत्तरांत हा हातचा पुन्हा भेटेल, तो लक्षात ठेवा.

कॅल्क्युलेटरवर वेगळंच का दिसतं?

दुकानांत असतो तो बारा आकडी कॅल्क्युलेटर ही संख्या पूर्ण दाखवतो, कारण ती अकरा अंकी आहे. दहा आकडी सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर जागा पुरत नाही, म्हणून तो १.२३४५६५४३२ गुणिले दहाचा दहावा घात असं दाखवतो आणि शेवटचा १ दिसतच नाही. एक्सेल पंधरा अंकांपर्यंत खरं सांगतं. नऊ एक्यांचा वर्ग सतरा अंकी आहे, तो तिथे टाकलात तर शेवटी दोन शून्यं येतील आणि ती चुकीची असतील. मुलांना मी म्हणून आधी वहीत करायला लावते आणि मग मशीन हातात देते.

ही मूळ संख्या आहे का?

नाही. पूर्ण वर्ग कधीच मूळ संख्या नसतो.

मग तिचे अवयव कोणते?

११११११ = ३ × ७ × ११ × १३ × ३७. आपल्या संख्येत यातला प्रत्येक अवयव दोनदा येतो. या पाच मण्यांवरच सगळा खेळ आहे.

मणी वेगवेगळ्या प्रकारे वाटून पाहा. ११ बाजूला काढला की ११११११ = ११ × १०१०१ होतं, म्हणून आपली संख्या = १२१ × १०२०३०२०१. उजवीकडच्या संख्येत पुन्हा चढ-उतार आला, फक्त मध्ये शून्यं घालून. ७, ११ आणि १३ एकत्र काढले तर १००१ होतात आणि उरतात ३ × ३७, म्हणजे १११. मग आपली संख्या = १२३२१ × १००२००१. हा गुणाकार मला फार आवडतो, कारण तो तोंडी होतो. १२३२१ दहा लाखाच्या घरात सरकवून, दुप्पट करून हजाराच्या घरात आणि जसाच्या तसा, असा तीनदा मांडायचा आणि बेरीज करायची.

विभाजक मोजायचे तर प्रत्येक मणी शून्य, एक किंवा दोन वेळा घेता येतो. पाच मणी, प्रत्येकाला तीन पर्याय, म्हणजे ३ × ३ × ३ × ३ × ३ = २४३ विभाजक. त्यांतले ३२ पूर्ण वर्ग आहेत, कारण तिथे प्रत्येक मणी एक तर घ्यायचाच नाही किंवा दोन्ही घ्यायचे. दोन वर्गांचा गुणाकार म्हणून ही संख्या १६ प्रकारे लिहिता येते. हा सोळाचा आकडा पुढच्या उत्तरात लागेल.

हिला 'हार' का म्हणता?

नाव माझं नाही, जुने गणिती महावीराचार्य यांचं आहे. इसवी सन ८५०च्या सुमारास त्यांनी 'गणितसारसंग्रह' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. तो पूर्णपणे गणितालाच वाहिलेला आहे, त्यात ज्योतिष मिसळलेलं नाही, आणि त्या काळात ही मोठी गोष्ट होती. ग्रंथात ते गुणाकाराची उदाहरणं देतात. त्यातल्या काही उदाहरणांची उत्तरं दोन्ही बाजूंनी सारखी वाचता येतात, आणि अशा उत्तराला ते कंठिका म्हणतात, म्हणजे गळ्यातला हार. हार कुठल्याही बाजूने धरा, मणी त्याच क्रमाने येतात. मोठे मणी मध्ये आणि लहान मणी टोकांना हे तर आपल्याकडे कुठलाही सोनार सांगेल.

आपल्या संख्येचं वर्णन त्यांनी 'एकादिषडन्तानि क्रमेण हीनानि' असं केलं आहे. एकापासून सहापर्यंत आणि मग क्रमाने कमी होत जाणारे अंक. आमचा वर्ग तीन भाषांत म्हणतो तेच हे.

महावीराचार्यांचा सोलापूरशी काय संबंध?

हा प्रश्न आला की मला बरं वाटतं.

ग्रंथाच्या सुरुवातीला महावीराचार्य राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याची स्तुती करतात. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचं मळखेड, कागिणा नदीच्या काठी. कलबुर्गीच्या पुढे, सेडम तालुक्यात. सोलापूरच्या माणसाला कलबुर्गी म्हणजे शेजार आहे. इथल्या कितीतरी घरांत तिकडच्या सुना आहेत आणि इथल्या लेकी तिकडे दिलेल्या आहेत. हे गणित त्या शेजारातल्या राजाच्या काळातलं आहे.

दुसरा संबंध त्याहून जवळचा. १९१२ साली मद्रासमध्ये एम. रंगाचार्य यांनी मूळ संस्कृत आणि इंग्रजी भाषांतर छापलं. त्यानंतर लक्ष्मीचंद्र जैन यांनी हिंदी अनुवादासह जी आवृत्ती तयार केली, ती १९६३ साली प्रसिद्ध झाली सोलापुरात, जैन संस्कृती संरक्षक संघाच्या जीवराज जैन ग्रंथमालेत. अकराशे वर्षांपूर्वीचं हे गणित देवनागरीत, हिंदी अनुवादासह, आपल्या गावातून छापून बाहेर पडलं. चादर आणि टॉवेल यांच्यासाठी सोलापूरचं नाव सगळीकडे घेतात. या पुस्तकासाठीही घ्यावं असं मला मनापासून वाटतं. गणिताच्या इतिहासावर लिहिणारे लोक या आवृत्तीचा उल्लेख करताना प्रकाशनाच्या जागी 'सोलापूर' लिहितात, आणि आपल्याच शाळांतल्या बहुतेक मुलांना या पुस्तकाचं नाव माहीत नसतं.

त्यांनी ती ११११११ चा वर्ग म्हणूनच सांगितली का?

नाही, आणि इथेच त्यांची हुशारी दिसते. उदाहरण असं आहे: २७९९४६८१ ला ४४१ ने गुणा.

२७९९४६८१ कडे बघा. तिच्यात काही दिसतं? काहीच नाही. एखाद्या पावतीचा नंबर वाटावा अशी ती आहे. विद्यार्थी निमूटपणे गुणायला बसतो आणि शेवटी बेरीज करताना १, २, ३, ४, ५, ६ असे अंक उमटायला लागतात. मी हे वर्गात न सांगता करायला दिलं होतं. उजवीकडून बेरीज करत आलेल्या एका मुलाने सहाच्या पुढे पाच लिहिला आणि पेन खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. मी काहीच बोलले नाही. बाकीचे अंक त्याने बेरीज न करताच लिहून टाकले आणि मग बरोबर आहेत का ते तपासलं. म्हणजे क्रम त्याने उलट्या बाजूने केला, पण तपासलं.

आता आतली गोष्ट. ४४१ = २१ × २१, आणि २७९९४६८१ = ५२९१ × ५२९१. २१ × ५२९१ = ११११११. म्हणजे महावीराचार्यांनी पाच मण्यांतले ३ आणि ७ एका बाजूला ठेवले, ११, १३ आणि ३७ दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हींचे वर्ग केले. वर सांगितलेल्या सोळा प्रकारांतला हा एक. १२१ × १०२०३०२०१ दिलं असतं तर विद्यार्थ्याला आधीच वास लागला असता. १२३२१ × १००२००१ मध्ये तर उत्तर उघडंच पडतं. ४९ × २५१९५२१२९ हे मात्र त्यांच्या उदाहरणाइतकंच झाकलेलं राहिलं असतं. माझ्या मते त्यांनी मुद्दाम असा मेळ निवडला की गुणक छोटा आणि हाताळायला सोपा असावा, आणि हार शेवटच्या क्षणापर्यंत दिसू नये. हे शिकवणाऱ्या माणसाचं काम आहे.

त्यांच्याकडे आणखी हार आहेत का?

आहेत. हे वहीत करून बघा:

१३९ × १०९ = १५१५१
१५२२०७ × ७३ = ११११११११
१४२८७१४३ × ७ = १०००१०००१
१४२८५७१४३ × ७ = १०००००००००१ नव्हे, १००००००००१ (शून्यं आठ, मोजून घ्या)
३३३३३३६६६६६७ × ३३ = ११००००११००००११
१२३४५६७९ × ९ = १११११११११

चौथ्या ओळीत मुलं दरवेळी एखादं शून्य जास्त लिहितात, म्हणून ती तशी लिहिली आहे. तिच्यातल्या १४२८५७ वर थांबा. एक सप्तमांश दशांशात लिहिला की ०.१४२८५७१४२८५७... असा येतो, तेच हे अंक. १४२८५७ × ७ = ९९९९९९, आणि ९९९९९९ म्हणजे ९ × ११११११. म्हणून ७ हा आपल्या हाराचा मणी आहे. १३ आणि ३७ यांचंही तसंच. एक तेरांश ०.०७६९२३ असा सहा अंकांनी फिरून येतो, एक सदतिसांश ०.०२७ असा तीन अंकांनी, आणि तीन सहामध्ये दोनदा बसतात. एकाला ज्या संख्येने भागल्यावर दशांशचिन्हापासूनच सुरू होणारा आवर्ती भाग सहा अंकांत पुरा होतो ती ९९९९९९ ला भागते.

१२३४५६७९ मधला ८ कुठे गेला?

सगळ्यांचा लाडका प्रश्न. बहुतेक ठिकाणी 'आठ नसलेली जादूची संख्या' एवढंच सांगून सोडून देतात. खरं उत्तर हातच्यात आहे.

आपला ग्राफ मोठा करत न्या. सात एक्यांचा वर्ग १२३४५६७६५४३२१. नऊ एक्यांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. इथपर्यंत सगळं सुरळीत. दहा एके घेतले की मधल्या रकान्यात दहा चौकोन भरतात. शून्य लिहायचं, हातचा एक डावीकडे. तिथे नऊ होते, ते दहा झाले, पुन्हा शून्य आणि हातचा एक. त्याच्या डावीकडे आठ होते, ते नऊ झाले आणि हातचा तिथे संपला. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडून वाचा: एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, नऊ.

म्हणजे आठ गेला नाही. हातचा येऊन त्याचा नऊ झाला. एक्याऐंशीने एकाला भागलं तर ०.०१२३४५६७९०१२३४५६७९... येतं, कारण एक नवमांश म्हणजे ०.११११... आणि एक एक्याऐंशांश हा त्याचा वर्ग. तो न संपणारा ग्राफ आहे आणि दर वेळी त्याच जागी तोच हातचा येतो.

लहान भावंडांना दाखवायला एक खेळ. आवडता अंक विचारा, समजा ७. त्याला नऊने गुणा, ६३. आता १२३४५६७९ × ६३ करायला सांगा. सगळे सात येतील. खेळ झाल्यावर कारणही सांगा, नाहीतर मूल त्याला मंत्र समजतं.

अंकांची बेरीज किती?

छत्तीस. सहाचा वर्ग. एकापासून सहापर्यंत चढून पुन्हा उतरलात की बेरीज नेहमी मधल्या अंकाचा वर्ग येते, कारण ग्राफमध्ये एकूण चौकोन सहा ओळी गुणिले सहा इतकेच भरलेले आहेत. आता संख्येलाच तिच्या अंकांच्या बेरजेने गुणा: १२३४५६५४३२१ × ३६ = ४४४४४३५५५५५६. हा ६६६६६६ चा वर्ग.

कापरेकरांनी हिच्यावर काम केलं होतं असं ऐकलं, खरं का?

खरं. द. रा. कापरेकर (१९०५ ते १९८६) देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. ६१७४ या 'कापरेकर स्थिरांका'मुळे त्यांचं नाव जगभर गेलं. पण १, १२१, १२३२१, १२३४३२१ या ओळीतल्या संख्यांनाही त्यांनीच नाव दिलं. डेम्लो संख्या. मुंबईपासून तीसेक मैलांवर, तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेवरच्या डेम्लो या स्थानकावर त्यांना ही कल्पना सुचली, म्हणून ते नाव. त्याच जी. आय. पी. रेल्वेचा रूळ सोलापूरवरून पुढे रायचूरला जायचा. प्लॅटफॉर्मवर गाडीची वाट बघत बसलेला एक शाळामास्तर आणि त्याच्या डोक्यात चाललेले हे आकडे, हे चित्र मी मुलांना नेहमी सांगते.

कापरेकरांची नजर कशी होती ते बघा. आपली संख्या मध्ये तोडा: १२३४५, मग ६, मग ५४३२१. दोन टोकांची बेरीज करा. १२३४५ + ५४३२१ = ६६६६६. मध्ये उभा असलेला सहा दोन्ही टोकांच्या बेरजेतही भरून राहिला आहे. डेम्लो संख्यांची मूळ कल्पना हीच आहे. साधं उदाहरण २५५३. टोकांची बेरीज २ + ३ = ५, आणि मध्ये पाचच पाच.

हे वैदिक गणित आहे का?

नाही. 'वैदिक गणित' या नावाने क्लासेसमध्ये जे शिकवतात ते १९६५ साली छापलेल्या एका पुस्तकातलं आहे. महावीराचार्य नवव्या शतकातले, जैन परंपरेतले, आणि त्यांचा ग्रंथ आपल्यासमोर आहे. त्यांना त्यांच्याच नावाने ओळखावं. त्यांचं सगळंच बरोबर होतं असंही नाही. शून्याने भागल्यास संख्या बदलत नाही असं त्यांनी लिहिलं, ते चूक आहे. ऋण संख्येला वर्गमूळ नसतं हे मात्र त्यांनी स्पष्ट लिहून ठेवलं, आणि 'इतक्या वस्तूंतून इतक्या किती प्रकारे निवडता येतील' याचं सर्वसाधारण सूत्रही दिलं. मुलांना मी दोन्ही बाजू सांगते. चूक लपवली तर बाकीच्यावर विश्वास कसा बसेल?

ही गंमत फक्त आपल्या दहाच्या मोजणीतच चालते का?

हातचा येत नाही तोवर कुठल्याही मोजणीत चालते. १२१ घेऊन बघा. सोलापुरात टॉवेल डझनावर मोजतात आणि बारा डझनांचा एक ग्रोस होतो. एक ग्रोस, दोन डझन आणि एक नग म्हणजे किती? १४४ + २४ + १ = १६९, तेराचा वर्ग. आणि तेरा म्हणजे एक डझन आणि एक नग. डझनाच्या भाषेत ११ गुणिले ११ बरोबर १२१ झालं. टॉवेलचा धंदा असलेल्या एका पालकांना हे बिलाच्या पाठीमागे लिहून दाखवलं, तर त्यांनी लगेच पुढचं विचारलं, मग १२३२१ चं काय? तेही चालतं. १२३४५६५४३२१ साठी मोजणीचा पाया, म्हणजे किती झाले की डावीकडच्या घरात जायचं तो आकडा, सहाच्या पुढचा हवा, म्हणजे सातपासून पुढे कुठलाही. सातच्या पायात ही संख्या आपल्या नेहमीच्या अंकांत ३८४४७३६६४ होते, आणि तिचं वर्गमूळ १९६०८ आहे.

याचा व्यवहारात उपयोग काय?

सात, अकरा आणि तेराने भाग जातो का ते एकदम तपासण्याची कसोटी यातूनच निघते, कारण तिघांचा गुणाकार १००१. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा आणि आळीपाळीने वजाबाकी, बेरीज करा. आपल्या संख्येवर: ३२१ − ६५४ + ३४५ − १२ = ०. शून्य आलं, तिघांनीही भाग जातो. तेच गट नुसते मिळवले तर ३२१ + ६५४ + ३४५ + १२ = १३३२, म्हणजे ३७ × ३६. सदतीसनेही भाग जातो, आणि बाजूला ३६ पुन्हा येऊन उभा राहिला. स्पर्धा परीक्षांना बसणारी मुलं सातची कसोटी शोधत फिरतात, त्यांना ही द्या.

पण खरं सांगू, मी ही संख्या भिंतीवर लावली ती कसोटीसाठी नाही. गुणाकार म्हणजे नुसती शिक्षा असं वाटणारं मूल एकदा तरी उत्तर बघून थबकावं, एवढ्यासाठी लावली.

गाडीच्या नंबरसाठी किंवा मोबाइलसाठी हा आकडा शुभ आहे का?

ते मला विचारू नका. त्यासाठी मी ती लावलेली नाही.

कितवीपासून शिकवता येईल?

ग्राफ आणि रकाने तिसरी-चौथीलाही समजतात, फक्त १११ × १११ पासून सुरू करा. अवयव सहावीपासून. पाया बदलण्याचा भाग आठवी-नववीला, आणि डझनापासून सुरू केला तर कुणीही अडत नाही.

नवा हार स्वतः करता येतो का?

येतो. गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलीने केला. तिने एक्यांच्या मध्ये दोन-दोन शून्यं घातली, १००१००१, आणि वर्ग केला: १००२००३००२००१. मग महावीराचार्यांसारखा तो झाकायचा म्हणून अवयव शोधले. १००१००१ ला तीनने भाग जातो, उरतात ३३३६६७. दोन्हींचे वर्ग केले आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर एवढंच लिहून ठेवलं: १११३३३६६६८८९ ला ९ ने गुणा. झाकायला निघाली होती, पण झाकणच दागिन्यासारखं निघालं. कॅलेंडरवर आपल्या संख्येच्या खाली थोडी जागा होती, तिथे तिने हा गुणाकार स्वतःच्या अक्षरात लिहिला आहे.